पतसंस्थेची वेबसाइट आणि एक तरी अर्ज

काम जितकं स्वस्त, तितके किस्से जास्त जमतात. मोठ्या कंपनीची वेबसाइट केली की बिल मिळतं आणि विषय संपतो. कर्जतच्या एका छोट्या पतसंस्थेची मी इतक्या कमी पैशांत केली की बाकीचं त्यांनी किश्शांत दिलं असं मी धरून चालतो.

माझं स्टेशनजवळ दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि वेबसाइट. गर्दीही याच क्रमाने असते.

संस्थेच्या मॅनेजर तांबे मॅडम. तरुण सभासद मोबाइलवरच्या ॲपवरून कर्ज घ्यायला लागलेत, आपली वेबसाइट हवीच, असं त्या वर्षभर सांगत होत्या. विरोध एकट्या दत्तूशेठचा. हे पळसदरीचे संचालक, घरची भातशेती. त्यांना त्याच पैशांत ऑफिसात पाण्याचा कूलर हवा होता.

"कूलरचं पानी मानूस पितो तरी! वेबसाइटचं काय करायचं, बघत बसायचं?"

शेवटी तडजोड झाली. वेबसाइट करायची, पण महिन्याभरात तिच्यावरून कर्जाचा एक तरी अर्ज आला पाहिजे. नाही आला तर वेबसाइट बंद. मॅडमनी सगळ्यांसमोर शब्द दिला. ही अट मला काम सुरू केल्यावर कळली.

*

पहिल्याच मीटिंगला मी म्हटलं, "पासवर्ड ठरवून घ्या."

चेअरमन नाना म्हणाले, "ठरवायचं म्हणजे ठराव आला."

सूचक झाले, अनुमोदक झाले, पासवर्ड एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी गेलो तर तो नोटीस बोर्डवर! मंजूर झालेला प्रत्येक ठराव बोर्डवर लावायचा, असा संस्थेचा नियम आहे. खाली नानांची सही, शिक्का.

मी म्हटलं, "नाना, हा आजच बदलायला हवा."

"बदलू की. पुढच्या मीटिंगला विषय घेऊ."

*

मग संचालकांचे फोटो. कॉम्प्युटरवर सातही जण एका ओळीत दिसायचे. मोबाइलवर मात्र एकाखाली एक. दत्तूशेठ दुकानात आले.

"मी कुठं हाय?"

"खाली सरकवा."

"आनखी?"

"आणखी."

"अरं, मी संचालक हाय का वॉचमन?"

मग मी अशी सोय केली की पान उघडेल तेव्हा दर वेळी वेगळा संचालक वर येईल. दत्तूशेठ माझ्याच स्टुलावर बसून पान उघडत आणि बंद करत राहिले. माझ्या दोन लग्नपत्रिका छापून झाल्या तेव्हा ते वर आले. त्यानंतर त्यांनी ते पान बंद केलेलं नाही. फोन चार्जिंगला लावतात तेव्हाही ते उघडंच असतं. वेबसाइटला विरोध कायम होता.

*

संस्थापकांचा हार घातलेला फोटो मी पहिल्या पानावर टाकला. शिपाई गणपतराव दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ऑफिसातल्या फोटोचा हार मी रोज बदलतो. तुमचा परवाचाच दिसतोय."

"गणपतराव, तो फोटोतला हार आहे."

"तेच म्हनतो ना मी."

आता मी दर सोमवारी नवा फोटो काढून टाकतो. त्याचं बिल लावलेलं नाही.

*

तीन आठवडे झाले, एकही अर्ज नाही. मॅडम रोज सकाळी फोन करायच्या. "आला?" मी म्हणायचो, "नाही." त्या फोन ठेवायच्या.

एके दिवशी शेलूचे हरिभाऊ ऑफिसात आले. मुलाने घरी वेबसाइटवर सगळा अर्ज भरला होता, दोन्ही जामीनदारांच्या नावांसकट. मग स्क्रीनचा फोटो काढला, त्याची प्रिंट काढली आणि ती वडिलांच्या हाती दिली. हरिभाऊ दोन्ही जामीनदारांना घेऊनच आले होते.

मॅडम कळवळून म्हणाल्या, "काका, शेवटचं बटण तेवढं का नाही दाबलं?"

"मॅडम, कर्ज मागायचं तर समोर येऊन मागावं. घरी बसून बटन दाबायचं, बरं दिसतं का ते?"

जामीनदारांनी मान डोलावली. मॅडमनी तिघांना चहा पाजला. मला मॅडमबद्दल फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मीच एक अर्ज टाकतो."

"तुम्ही सभासद नाही. आणि खोटा अर्ज मी घेणार नाही."

*

महिन्याचा शेवटचा दिवस, पाच वाजता मीटिंग. विषय एकच, वेबसाइट बंद करणे. दत्तूशेठ कूलरचं कोटेशन घेऊन आले होते. मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या.

नाना म्हणाले, "अर्ज आलाय का एकदा बघून घ्या, म्हणजे इतिवृत्तात लिहिता येईल."

मी बोर्डवरचा पासवर्ड टाकला. एक अर्ज आलेला होता. दहा मिनिटांपूर्वीचा! मी लॅपटॉप मॅडमपुढे सरकवला. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"अर्जदार, दत्तात्रय, राहणार पळसदरी. व्यवसाय, शेती. कर्जाचं कारण, संस्थेच्या ऑफिसासाठी पाण्याचा कूलर." मॅडम थांबल्या. मग हळू आवाजात पुढचं वाचलं. "जामीनदार एक, तांबे मॅडम. जामीनदार दोन, वेबसाइटवाला."

सगळे दत्तूशेठकडे बघायला लागले. ते मोबाइलवर स्वतःचा फोटो बघत होते.

"माझ्याकडं काय बघता? समोर बसून मागितला, तवा कुनी दिला नाय!"