बोटावरचं नव्व्याण्णव

आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालायचं आणि शुद्ध करून द्यायचं. माझे वडील मिसरूड फुटायच्या आधीच विट्याहून गाडीत बसले आणि दक्षिणेतल्या एका शहरात, जिन्याखालच्या खोलीत, निम्मं आयुष्य काढून परत आले. त्या खोलीला खिडकी नव्हती. तेजाबाचा पिवळा धूर दारातूनच काय तो बाहेर जायचा, आणि दारात गिऱ्हाईक बसलेलं असायचं.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. कडेगावजवळच्या आमच्या गावी ते परतले ते खोकतच. पुढे चार पावलं चाललं की धाप, मग आंघोळीला धाप, मग भाकरीचा घास चावतानाही धाप. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कायमची खराब झालीत, आता घरीच ऑक्सिजनचं मशीन लावावं लागेल.

मी सांगलीत नर्सिंग शिकले आणि तिथल्याच एका दवाखान्यात ड्युटी करत होते. मशीन घरी आलं तशी नोकरी सोडून गावी आले. घरात आम्ही तिघंच. आई रानातलं बघायची, मी आण्णांचं. परदेशात नर्स म्हणून जायचं असेल तर परवान्याची परीक्षा द्यावी लागते. ती मी एकदा नापास झाले होते. तिचाच अभ्यास मी आण्णांच्या खाटेशेजारी बसून परत सुरू केला.

पुस्तकात श्वसनाच्या आजारांचं प्रकरण होतं आणि त्यातला रुग्ण माझ्यासमोर बसलेला होता. छाती पिंपासारखी फुगलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसणं. बोलताना वाक्य मधेच तुटणं. एकेक लक्षण वाचायचं, मान वर करायची, तर ते खाटेवर. इतर मुली हे पाठ करत असतील. मला विसरता येत नव्हतं.

एकदा आण्णांनी विचारलं, "काय वाचतीस एवढं?"

"तुमच्याच आजाराचं हाय, आण्णा."

"काय म्हणतंय?"

"फुंकर घातल्यागत ओठ करून सावकाश श्वास सोडायचा म्हणतंय. तुमी सोडता तसाच."

ते जरा खूश झाले. "मला कुणी... शिकिवलं न्हाई." दम खाऊन पुन्हा म्हणाले, "आन् शेवटाला काय लिवलंय?"

मी पानं उलटली.

"शेवटाला प्रश्न हायेत, आण्णा. परीक्षेला येत्यात ते."

ते खरंच होतं. पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे मी त्या खोलीत ते प्रकरण उघडलं नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सांगलीला क्लासमध्ये शेवटची उजळणी होती. मी जाणार नव्हते. आईनंच लावून दिलं. "एक दिस मी बघते की. मशीन काय, चालूच हाय." निघताना मी मशीनच्या काट्यावर बोट ठेवून तिला दाखवलं, "आई, हितनं वर न्यायचं न्हाई." तिनं मान हलवली.

दुपारी गावातली लाईट गेली. मशीन बंद पडलं, आण्णा कासावीस झाले. आईनं माझ्या चुलत्यांना, तात्यांना, हाक मारली. ते शेजारच्याच घरात राहतात. त्यांनी धावपळ करून मोटरसायकलवरून कुणाला तरी पिटाळलं आणि तासाभरात मोठा सिलिंडर आणून मास्कसकट लावला. आण्णा खुणेनं म्हणाले वाढव, तात्यांनी वाढवला. अजून म्हणाले, अजून वाढवला. शेवटी चावी पूर्ण उघडली.

मी एसटीतून उतरून घरी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ओसरीवर चपलांचा ढीग. शेजारच्या बाया दारात उभ्या. मी चपला न काढताच आत धावले. पण आई हसतमुखानं पुढे आली.

"हळू बोल. लय दिसांनी गाढ झोपल्यात."

तात्या खाटेजवळ बसले होते. त्यांनी आण्णांच्या बोटाला लावलेलं रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र माझ्याकडे वळवलं. "हे बघ. नव्व्याण्णव! कवा आलं हुतं एवढं?"

सगळ्यांचे चेहरे शाळेचा निकाल लागावा तसे फुललेले. आणि मी पिशवी तिथंच टाकून खाटेशी गेले.

इतर कुणाच्या बोटावर नव्व्याण्णव हा चांगला आकडा असतो. आण्णांसारख्यांच्या नव्हे. वर्षानुवर्षं कुजलेल्या फुप्फुसातून आतली खराब हवा पुरती बाहेर पडत नाही. त्या शरीराला थोड्याच ऑक्सिजनवर जगायची सवय झालेली असते. त्याला एकदम भरपूर ऑक्सिजन दिला की खराब हवा रक्तात साठत जाते आणि माणसाला गुंगी येते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, झोप लागली. अशा रुग्णाचा आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मधे ठेवायचा, हे आमच्याकडून पहिल्यापासून घोकून घेतलेलं असतं.

मी मोठ्यानं हाक मारली. "आण्णा!" पापण्या हलल्या, उघडल्या नाहीत. खांदा हलवला, छातीच्या हाडावर मुठीनं चोळलं, तेव्हा डोळे अर्धे उघडले. हात गरम, चेहरा लालसर. "आण्णा, गाडीला हात करता तसा हात करा." मीच त्यांचा हात धरून पुढे केला, पंजा वर केला. पंजा पाखरानं पंख फडफडवावा तसा खाली पडत होता आणि वर येत होता.

रक्तात खराब हवा साठल्याचं ते लक्षण मी तोवर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

"तात्या, गाडी बोलवा. कराडला न्यायचं."

"आगं, झोपू दे की त्यास्नी."

"ही झोप न्हाई, तात्या! गाडी बोलवा!"

मी सिलिंडरच्या चावीला हात घातला. एकदम बंद करायचा नसतो. तसं केलं तर आकडा धाडकन खाली जातो आणि माणूस हाती लागत नाही. थोडा कमी करायचा, बघायचं, परत थोडा. शहाण्णव झाले. चौऱ्याण्णव झाले. आणि खोलीतल्या प्रत्येकाला तो उतरता आकडा दिसत होता.

आईनं माझं मनगट धरलं. रानात काम करणाऱ्या बाईचा हात, सुटता सुटेना. "काय करतीस? कमी कशाला करतीस?"

"सोड, आई."

"आकडा खाली चाललाय, दिसत न्हाई व्हय तुला?" तात्या ओरडले. "बापाला मारतीस का?"

दारातल्या बाया कुजबुजायच्या थांबल्या. मला जे माहीत होतं ते त्या क्षणी कुणाला पटवून देणं अशक्य होतं. मलाही त्यातलं काही खरं वाटेनासं झालं. मी चुकत असेन तर? परीक्षेत चुकीच्या पर्यायावर बोट पडलं तर गुण जातो. इथं माझ्या हाताखाली आण्णांची छाती होती.

"आई, मी रडतीया का बघ," मी म्हणाले. "रडायला येळ न्हाई. सोड."

कशी कोण जाणे, तिनं पकड सैल केली. एक्क्याण्णव. मी चावी तिथं थांबवली, आण्णांना उठवून बसतं केलं, पुढे उशा रचून त्यांना त्यावर वाकवलं आणि गाडी येईपर्यंत सारखी हाका मारत राहिले. "आण्णा, झोपू नका. आण्णा, माझ्याशी बोला." ते बोलले नाहीत.

साखर कारखाने सुरू झालेले. कराडच्या रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या, पुढं सरकायला जागा नाही. गाडीवाला भोंगा वाजवत होता आणि पुढच्या ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. मी आकड्यावरची नजर काढली नाही. आई माझ्यासमोर बसली होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासलं. खराब हवा फार वाढली होती. तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि दाबानं हवा देणारं मशीन लावलं. डॉक्टर आईला म्हणाले, "दोन-चार तासांत फरक पडायला हवा. नाही पडला तर घशात नळी घालावी लागेल. आणि एकदा घातली की ती निघेल याची खात्री देता येत नाही. ठरवून ठेवा."

आई माझ्याकडे वळली. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा. "तू शिकल्याली हायस. तू सांग, काय करायचं."

रुग्णाच्या घरच्यांना नीट समजावून सांगावं, त्यांना निर्णय घ्यायला वेळ द्यावा, असं आम्हाला शिकवलेलं. घरचीच नर्स असेल तर तिला कुणी समजावावं, हे शिकवलेलं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले. आईही माझ्याजवळ बसली. आम्ही काहीच ठरवलं नाही.

आण्णांना शुद्ध येऊ लागली तसे ते मास्कशी झटायला लागले. "काढ गं... गुदमरतंय." मी दोन्ही हातांनी त्यांचे हात दाबून धरले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी मास्कच्या कडेनं ओघळत होतं. "थोडं ऱ्हावा, आण्णा. त्याच्यासंगं श्वास घ्या. आला... गेला... आला..." माझ्या बापाला मी असं बांधून ठेवल्यासारखं धरलं होतं, आणि त्यातच त्यांचं भलं होतं.

नळी घालायची वेळ आली नाही. पण मास्क उतरला नव्हता आणि परीक्षा पुण्याला, येऊन ठेपलेली. मी जाणार नाही म्हणून सांगून टाकलं. तेव्हा तात्या बाकावरून उठून आले. त्या दुपारपासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"जा तू," ते म्हणाले. "मी बसतो हितं. किती ठेवायचं तेवढं सांग."

"अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव."

"अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव," त्यांनी पुटपुटत म्हणून पाहिलं. "त्याच्या वर जाऊ देत न्हाई."

मी गेले. कॉम्प्युटरसमोर बसले. प्रश्न असा: चार रुग्ण आहेत, परिचारिकेनं आधी कुणाकडे जावं? चौघांपैकी एकाचीही मला पर्वा वाटेना. असे प्रश्न एकामागून एक येत राहिले आणि मी उत्तरांवर बोट ठेवत गेले. त्यातलं मला काही आठवत नाही. परत नापास झाले.

आण्णा घरी आले, पण खाटेवरून फारसे उठले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, सकाळीच, घरातच. नळी नको, हे त्यांनी स्वतःच शुद्धीत असताना सांगून ठेवलं होतं. शेवटी मी त्यांना टेकवून बसवलं होतं आणि आई पाठीवरून हात फिरवत होती. मला सगळं माहीत होतं, पुढे काय होणार तेही, आणि त्या माहितीचा काडीचा उपयोग नव्हता. तसं रितेपण मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मी पास झाले. निकाल मोबाईलवर आला तेव्हा मी जनावरांना वैरण टाकत होते. आईला सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

जायची तयारी चालली होती, तेव्हा एक दिवस तात्या आले. ओसरीच्या तीन पायऱ्या चढून आले आणि खांबाला धरून उभे राहिले. बोलायच्या आधी त्यांना थांबावं लागलं. तेही आण्णांबरोबरच गलाईला गेलेले, त्याच खोलीत, त्याच धुरात राहिलेले.

"माजं बी बघ एकदा," ते म्हणाले. "आन् खरं सांग."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. बोटाला यंत्र लावलं, पाठीला कान लावून ऐकलं. आत बारीक शिट्टी वाजत होती.

"तात्या, बिडी आजच सोडायची," मी म्हणाले. "आन् उद्या सकाळच्या गाडीनं सांगलीला जायचं. फुंकून बघायची तपासणी असते. मी येते संगं."

"आन् तुजं जायचं?"

"ते बघू मागनं."

त्यांनी खिशातलं बिड्यांचं बंडल काढून माझ्या हातात दिलं.