तळघराला मारलेले दोन हात

इकडे परदेशात, ब्रॅम्पटनच्या एका वेअरहाउसमध्ये मी दिवसभर खोक्यांवरची लेबलं वाचतो. वाचणं हाच माझा धंदा, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या गाढवपणाला सबब उरणार नाही.

तिथून तासाभरावरच्या एका लहान गावात आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांची महिन्यातून एकदा मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, व्हायची. चर्च जुनं, दगडी. येणारी माणसं आटली, म्हणून ते विकायला निघालं होतं, आणि घेणाऱ्या बिल्डरला तिथे टाउनहाउस बांधायची होती. चर्च वाचायचा एकच मार्ग होता. गावाच्या हेरिटेज कमिटीने इमारत जपण्याजोगी ठरवली, तर ती पाडता आली नसती. कमिटी तळघर बघायला येणार, असं फादरांनी मिस्सेनंतर जाहीर केलं. तळघरात नेमकं काय बघणार, हेही त्यांनी सांगितलं असावं. मी तोवर समोशांच्या रांगेत जाऊन उभा होतो.

पाहुणे यायचे म्हणजे रंग मारायचा, हे आमच्या वसईत कुणाला शिकवावं लागत नाही. सणाआधी घर, ओटा, नाक्यावरचा क्रूस, सगळं पांढरंशुभ्र. झाडलोट करतो म्हणून मी फादरांकडून किल्ली घेतली. बायको म्हणाली, "अहो, आपलं वॉशरूम दोन वर्षं रंगवायचं राहिलंय." ते बघायला कमिटी येत नाहीये, असं मी तिला ऐकवलं.

इमारत उबदार ठेवणाऱ्या फर्नेसमागची भिंत सगळ्यांत कळकट होती. गिलाव्यावर पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत काहीतरी खरडलेलं. पोरांचे उद्योग, असं मी ठरवून टाकलं. आधी सँडपेपरने घासून काढलं, मग रंगाचे दोन हात मारले.

दुसऱ्या दिवशी कमिटीची दोन माणसं आली. सोबत नव्वदीची एक आजी. इथलीच, गोरी. मराठी एक अक्षर कळत नसताना आमच्या प्रत्येक मिस्सेला यायची. तिच्या बापाने हे तळघर खणलं होतं. वर दाराशी पितळी पाटीवर देणगीदारांची नावं होती. खणणाऱ्या बारा मजुरांनी आपली नावं स्वतःच इथे, फर्नेसमागे लिहून ठेवली होती. दुसरीकडे कुठेच त्यांची नोंद नव्हती. कमिटी तेवढंच बघायला आली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आजी पांढऱ्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. कमिटीच्या बाईने विचारलं, हा रंग उतरवून खालचं काही मिळेल का.

"छे, काही नाही राहिलं," मी अभिमानाने म्हणालो. "आधी घासून घेतलंय."

बाईने वही मिटली. मला कळायला तेवढं पुरलं.

ते वर गेल्यावर आजी फोल्डिंगच्या खुर्चीत बसली. "शेवटचं तूच बघितलंस," ती म्हणाली. "कोणाकोणाची नावं होती?"

तिला फक्त बापाचं माहीत होतं. मला तर एकही नाव सांगता येईना. एक ओळ गुडघ्याइतकी खाली होती, एवढंच आठवत होतं. ते मी सांगितलं.

"तो माझा बाप. जेवताना तिथेच टेकून बसायचा. जागा दाखव."

भिंत मी इतकी एकसारखी रंगवली होती की मलाच काही ओळखू येईना. अंदाजाने बोट ठेवलं. तिने तिथे तळवा टेकला. तळघराच्या गारठ्यात रंग धड वाळला नव्हता. तळवा पांढरा झाला, तो तिने कोटाला पुसला.

कमिटीचं पत्र आलं. जपण्यासारखं फार काही आढळलं नाही.

मार्चमध्ये चर्च पाडलं. आजीने फोन केला, मी तिला गाडीतून नेलं. कुंपणाबाहेर उभी राहून ती म्हणाली, "ती जागा मला आणून दे." एका कामगाराच्या हातापाया पडून मी आत गेलो आणि ढिगाऱ्यातून पांढऱ्या गिलाव्याचा हाताला लागला तो तुकडा उचलून आणला.

"हाच?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

आता तो तिच्या खिडकीत, क्रूसाखाली असतो. मी भेटायला गेलो की धूळ पुसायला ती तो माझ्याच हातात देते. मी कोरड्या फडक्याने, अगदी हलकेच पुसतो.