वहीतला वारा

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय! ट्रेनमध्ये कुणीतरी सॅनिटायझर चोळलं आणि मी थेट लॉकडाऊनमध्ये पोचले. तेव्हा मी इथे परदेशात, क्लेटन उपनगराजवळच्या एका वृद्धाश्रमात शिफ्टमध्ये काम करायचे. तिथले एक आजोबा ब्रिटिश नेव्हीतले रिटायर्ड ऑफिसर होते. तरुणपणापासून रोज वहीत वारा कसा आहे ते नोंदवायचे. कोविड झाला, हात थरथरायला लागले, मग ते सांगायचे आणि मी लिहायचे.

"बघितल्याशिवाय लिहायचं नाही हं, पोरी."

त्या दिवशी अजून पाच खोल्या बाकी होत्या. मी खिडकीकडे न बघताच 'वारा शांत' लिहिलं.

"बघितलंस ना?"

"हो सर, नो वरीज!"

शिफ्ट संपवून बाहेर आले तर झाडं वाऱ्याने वाकली होती. सकाळी खरं लिहायला गेले, तर पलंग रिकामा होता.

तुमचंही कुणाशी शेवटचं बोलणं खोटंच राहिलंय का?