फायनलचा निकाल
दूध करपल्याचा वास आला की दोहाच्या अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटमधली ती संध्याकाळ आठवते आणि आजही माझं डोकं फिरतं. अमेरिकेतल्या बास्केटबॉलची फायनल, त्यातही शेवटची मॅच, सगळं जग बघणार. पण दोहात ती पहाटे, आणि लेकीची सकाळी परीक्षा. मॅच रेकॉर्ड करायची, संध्याकाळी बघायची आणि तोवर घरात कुणी निकालाचं नाव काढायचं नाही, या अटीवर ती झोपली. दिवसभर मी पहारा दिला. नवऱ्याला दम भरला, तिचा फोन कपाटात टाकला, लिफ्टमध्ये शेजारी तोंड उघडणार तोच हात जोडले. संध्याकाळी गॅसवर दूध ठेवून टीव्ही लावला, तेवढ्यात नाशिकहून माझ्या वडिलांचा व्हिडिओ कॉल. मी सवयीने उचलला. "अगं, तिला सांग, शेवटच्या सेकंदाला जिंकले तिचे निळ्या जर्सीवाले!" मी किंचाळले, "बाबा!" या माणसाने जन्मात बास्केटबॉल पाहिला नव्हता. "ती माझ्याशी येस-नोच्या पुढे बोलतच नाही, म्हणून सकाळचं फिरणं सोडून बघितली गं," ते म्हणाले. लेक आता रडणार म्हणून वळले, तर तिने माझ्या हातातला फोन घेतला आणि मोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा, परत बघणार? माझ्यासोबत?" निकाल माहीत असूनही दोघं प्रत्येक बास्केटला ओरडत होते. उतू जाऊन करपलेलं दूध मीच पुसलं. आता लेक कॉलेजात आहे, अजूनही फायनल आली की दोघं फोनवर, आणि मी मध्ये काही विचारलं की दोन्हीकडून एकदम येतं, "शूऽऽ!"