धरला की फाऊल

एकाहत्तरच्या लढाईच्या वर्षी मी औंधला मास्तर होतो. आठवडी बाजारात एक जोडपं बैलगाडीतून कोबी उतरवायचं. बाई पंचविशीची, पदर कमरेला खोचलेला. गाडी बुटकी, गड्डा सहज हातात देता आला असता. पण नवरा तो उंच फेकायचा. बाई न धरता, डोक्यावर उंचावलेल्या दहा बोटांनी अलगद उडवून तो टोपलीत घालायची.

"धरत का नाही?" एकदा मी विचारलं.

"आवं, धरला की फाऊल. साळंच्या संघात व्हॉलीबॉल खेळायची मी. सातारा, सांगली, लय मैदानं मारली."

"मग लग्नानंतर खेळ सुटला म्हणायचा."

तिनं नवऱ्याकडं हनुवटी उडवली. "ह्येंनी सुटू दिला तर न्हवं."

त्यानं पुढचा गड्डा आणखी हातभर उंच फेकला.