गेममधली म्हातारी

ऑपरेटरबाईंचे कान अजून तिखट होते. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली; बोलणाऱ्याचा सूर जरा बदलला की पुढे भांडण आहे की रडणं, हे त्यांना आधीच कळायचं. निवृत्त झाल्यावर शेजाऱ्यांनी नाव तेच ठेवलं आणि बाईंनी सवय तीच ठेवली.

घरात त्या, मुलगा आणि सून. मुलगा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचा. सून मागच्या खोलीत दार लावून काम करायची. तिघांची छोटी कंपनी होती, कॉम्प्युटरवरचे गेम बनवणारी. बाकीचे दोघे पडद्यावरूनच बोलत. सून गुणी होती, बोलायला गोड होती, आणि बाईंना नेमकं तेच खटकायचं. इतकं गोड कुणी उगाच बोलत नाही, असं त्यांचं मत.

एका दुपारी वाळलेले कपडे घेऊन त्या मागच्या खोलीवरून जात होत्या. आतून सुनेचा आवाज आला, "म्हातारीचं काय करायचं ते आज ठरवून टाकू." कुणीतरी म्हणालं, जिन्यावरून पाडू या. सून म्हणाली, ते फार सोपं होईल, कुणाला पटणार नाही.

बाईंच्या हातातले टॉवेल हातातच राहिले.

त्यानंतर त्या इमारतीचा जिना कठडा घट्ट धरून उतरू लागल्या. सुनेने केलेला चहा आधी तिने प्यायल्यावरच आपण प्यायचा, असं सुरू झालं. मुलाला सांगावं असं मनात आलं, पण तो बायकोचीच बाजू घेणार हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय ऐकलं कसं, हे आधी सांगावं लागलं असतं.

अशातच सूनच एक दिवस समोर येऊन बसली. गेम अजून बाजारात आलेला नाही, म्हणाली, पण त्याआधी कधीच गेम न खेळलेल्या माणसाने तो खेळून बघायला हवा आहे. तुम्ही खेळाल का, आई? खेळताना समोरचा कॅमेरा चेहरा टिपत राहील, आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही, एवढीच अट.

कॅमेरा कशाला आणि लपवाछपवी कशाला, हे दोन प्रश्न बाईंनी गिळले. आत काय शिजतंय ते बघायची याहून चांगली संधी मिळणार नव्हती. त्या हो म्हणाल्या.

सुनेने हातात कंट्रोलर दिला, कुठल्या बटणाने चालायचं ते दाखवलं आणि मागे खुर्ची घेऊन बसली. पडद्यावर अंधारं घर उघडलं. एका मुलीला बाहेरून उशिरा येऊन, आवाज न करता, आपल्या खोलीपर्यंत पोचायचं होतं. वाटेत म्हातारी. बाईंनी मुलीला भिंतीवर आपटलं, उलटी चालवली, शेवटी कशीबशी स्वयंपाकघरापाशी आणली. तिथे म्हातारी गॅसचं बटण बघत होती. एकदा बघितलं, दोन पावलं गेली, परत येऊन पुन्हा बघितलं. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. डावा पाय किंचित ओढत चालत होती.

बाईंचा हात आपल्याच गळ्यातल्या चष्म्याच्या दोरीकडे गेला आणि तिथेच थांबला.

एवढ्यात म्हातारी वळली, "कोण आहे तिथे!" म्हणून किंचाळली आणि मुलगी पकडली गेली. बाईंनी पुन्हा खेळून बघितलं, पुन्हा पकडल्या गेल्या. घाबरल्या मात्र एकदाही नाहीत. रागाने कान तापले होते.

सुनेने वही उघडून विचारलं, पहिल्यांदा बघून काय वाटलं?

"ही मी आहे ना?" बाई म्हणाल्या.

"हो," सून वही मिटत म्हणाली. सूर कधी बदलतो ते बाईंना कळत होतं. हा खोटं बोलायच्या तयारीचा सूर नव्हता.

"सुरुवात तुमच्यापासूनच केली," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची. ऑफिसातून यायला उशीर झाला की चपला हातात घेऊन यायचे मी."

"आणि जिन्यावरून पाडणार होतात मला?"

सुनेला आधी कळेना. कळलं तेव्हा ती हसली नाही, हे बाईंनी लक्षात ठेवलं. गेममधल्या म्हातारीचा शेवट जमत नाही, तिची भीतीही वाटत नाही, म्हणून गाडी अडली आहे, एवढंच तिने सांगितलं.

बाईंनी कंट्रोलर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "भीती वाटेल कशी? अशी बाई ओरडत नाही. ती अंधारात खुर्चीवर बसून असते. तू अगदी दारापाशी पोचलीस की हळूच विचारते, उशीर झाला? आणि पुढे काही बोलत नाही."

सुनेच्या अंगावर काटा आला. बाईंना तो दिसला.

पुढच्या आठवड्यात आवाजही बाईंचाच घेतला. त्यांनी कराराचा कागद चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, नाव कुठेही छापायचं नाही असं लिहून घेतलं आणि मगच सही केली. ते दोन शब्द एकदाच म्हटले. पुन्हा म्हणायची गरज पडली नाही. खेळून बघणाऱ्यांपैकी एकाने म्हणे कंट्रोलरच टाकला. सून हे आनंदाने सांगायची, आणि आपल्या पाठीमागे हसतात की काय, ही शंका बाईंना पुन्हा चावू लागली.

म्हणून सुटीच्या दिवशी त्यांनी मुलाला खेळायला बसवलं. त्याला आवाजाचं काही सांगितलं नव्हतं. बाई सोफ्याच्या कडेला, त्याचा चेहरा नीट दिसेल अशा बसल्या. त्याने मुलीला सराईतपणे स्वयंपाकघरातून काढलं, बोळातून नेलं, खोलीच्या दाराला हात लावला.

"उशीर झाला?" पडद्यातली खुर्ची म्हणाली.

"ट्रॅफिक होतं गं आई," मुलगा बोलून गेला.

सून आधी हसली, मग तोही. बाईही हसल्या, पण जरा मागून, आणि ते दोघे नक्की कुणाला हसतायत हे बघत बघत.