संत्र्यावर लावलेली गाडी

मागच्या वर्षी सौंसरच्या हौशी मोटरसायकल शर्यतीबद्दल मी इथे लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'पांढुर्ण्याच्या मेकॅनिकने गाडी चुकीची बसवून दिली.' गेल्या महिन्यात एका वाचकाने विचारलं, यंदा मीही उतरतोय, त्या मेकॅनिकचं नाव सांगाल का, म्हणजे त्याच्याकडे जायला नको. उत्तर देता येईना, कारण ते वाक्य खोटं होतं. माझी उंची जेमतेम पाच फूट. दोनशे सीसीच्या त्या उंच गाडीवरून पाय टेकत नाहीत. स्टार्टला उभी असताना लोक हसतील म्हणून मीच मागे लागून गाडी मागच्या बाजूने खाली करून घेतली होती. मेकॅनिक नको म्हणत होता. शर्यतीत पहिल्याच वळणावर गाडी वळली नाही, बाहेर बाहेर जात राहिली आणि बाहेरून येणाऱ्या वैशालीच्या गाडीवर आदळून तिला घेऊन पडली. वैशाली सौंसरची, चोवीस वर्षांची. तिचं खांद्याचं हाड मोडलं. मी दोष मेकॅनिकवर ढकलला आणि मोकळी झाले.

वाचकाला उत्तर देण्याआधी त्या दोघांना भेटायचं ठरवलं. यंदाच्या शर्यतीच्या आदल्या दिवशीच निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्त्याचं सांगते. नागपूर ते सावनेर काही त्रास नाही. तिथून एक रस्ता सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलला. मी दुसरा धरला. डिसेंबरात फार पहाटे निघू नका, बोटं इतकी गारठतात की ब्रेक दाबायला उशीर होतो. कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या अर्धा रस्ता व्यापून चालतात, त्यांना ओलांडताना घाई नको. मध्य प्रदेशात शिरलं की पाट्या हिंदी होतात, पण चहाच्या टपरीवरची बोली आपलीच राहते. पांढुर्ण्यात स्टेशनजवळ साताठशेत साधी, स्वच्छ खोली मिळते. तिथल्या आलूबोंड्यावर दोन तास सहज निघतात. मला मात्र त्या दिवशी एकसुद्धा पूर्ण खाववला नाही.

मेकॅनिकचं नाव सिद्धार्थभाऊ. पन्नाशीचे, कमी बोलणारे. गॅरेजसमोर गाडी लावून मी "जय भीम भाऊ" म्हटलं. त्यांनी मला ओळखलं, जय भीम म्हणाले आणि हातातलं काम करत राहिले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, काय लिहिलं होतं तेही. त्यांनी हात पुसले.

"सौंसरचे लोक येत नाहीत आता मायाकडे," ते म्हणाले. "म्या कोणाले काही म्हटलं नाही. गाडीले हात तर मायाच लागला होता ना."

मला खूप लाज वाटली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात एक शेतकरी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, संत्र्यावर करून द्या." मला काही कळेना. सिद्धार्थभाऊंनी मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगवरची रिंग पान्याने फिरवून सर्वांत वरच्या खाचेत बसवली. इकडे असंच म्हणतात. खालची खाच एकट्याची, मधली दोघांची, वरची संत्र्याची. तोडणीच्या दिवसांत मागे क्रेट लादायचे असतात, म्हणून स्प्रिंग पूर्ण आवळतात. हंगाम संपला की रिंग परत खाली आणायची असते, आणि तेच अनेकजण विसरतात.

मग माझी गाडी. हेल्मेट, बूट, जॅकेट सगळं घालून बसायला लावलं. मागचं चाक हवेत असताना आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत एक माप, मी बसल्यावर दुसरं. गाडी अकरा सेंटीमीटर दबत होती, हवी होती सातच्या आसपास. मागून एवढी बसली की पुढचं चाक हलकं पडतं आणि वळायचं नाव घेत नाही, हे त्यांनी हँडल हलवून दाखवलं. मागच्या वर्षीही दाखवलं होतं. तेव्हा मी बघितलं नव्हतं. त्यांनी स्प्रिंग आवळून माप सातवर आणलं.

"आता पाय नाही टेकनार, ताई."

"नाही टेकले तर नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संत्र्याच्या बागांमधल्या रस्त्याने सौंसर गाठलं. शर्यतीचं मैदान गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर आहे. वैशाली नाव नोंदवायच्या टेबलामागे बसली होती. पडल्यापासून ती शर्यतीत उतरलेली नाही. तिला बाजूला बोलावून मी सांगितलं की गाडी खाली करायचा हट्ट माझा होता, सिद्धार्थभाऊंचा काही दोष नाही. तिने हातातलं पेन बंद केलं.

"ताई, मायी गाडी संत्र्यावर होती त्या दिवशी," ती म्हणाली. "आदल्या सांजेपर्यंत क्रेट वाहून राहिली होती मी. रिंग खाली करायची राहूनच गेली. तुमी आल्या तं म्या ब्रेक मारला, अन् मागचं चाक उड्याच मारे. नाहीतर सांभाळली असती." आणि मग, "बाबाले नाही सांगितलं. ते अजून सिद्धार्थभाऊलेच बोलतात."

मला एकदम हलकं वाटलं, आणि तिला ते दिसलं असावं.

"पण धडक तुमीच मारली," ती म्हणाली.

बरोबर होतं. मी मान हलवली. ही गोष्ट कुठे लिहू नका, एवढंच तिने मागितलं आणि मी शब्द दिला.

शर्यतीत स्टार्टला एका बाजूला सरकून, एकाच पायाच्या चवड्यावर उभी राहिले. कोणी हसलं का ते माहीत नाही, बघायला फुरसत नव्हती. पहिल्या वळणावर हँडल वळवताच गाडी आत आली. चौदा जणांत अकरावी आले. वाचकांसाठी उपयोगाचं एवढंच की सॅग, म्हणजे आपण बसल्यावर गाडी किती दबते ते, मोजताना अंगावर सगळं घाला आणि उंची वळणासाठी ठेवा, पायासाठी नको.

घरी येऊन जुनी पोस्ट दुरुस्त केली. माझी चूक सरळ लिहिली, सिद्धार्थभाऊंच्या गॅरेजचा पत्ता त्या वाचकाला कळवला. वैशालीने सांगितलं त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही. मागच्या सीझनला सौंसरहून गेलेली गिऱ्हाइकं एका पोस्टने परत येतील असा माझा भ्रम नाही. खोटं मी बसल्या जागी लिहिलं होतं. ते निस्तरायला दोन गावं फिरावी लागली आणि तरी ते पूर्ण निस्तरलेलं नाही.

ही नवी पोस्ट लिहून झाली तेव्हा तीत संत्र्याचा उल्लेखच नव्हता. छापायच्या आधी वैशालीला वाचायला पाठवली. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं.

"ताई, माया गाडीचं पन लिहा. बाबा तुमचा ब्लॉग वाचतात."

म्हणून ते वर लिहिलं आहे.